दाईची चाल

४ डिसेंबर १९७५
बुद्धिबळाच्या पटावर सगळे मारणारे! हत्ती मारतो, उंट मारतो, प्यादंसुद्धा तिरकं होऊन मारतं. जन्माला घालणारं कुणीच नाही. चौतीस वर्षं दवाखान्यात बाळंतपणं केली मी, मला हे खटकणारच. माझ्याशी टपालानं डाव खेळणाऱ्या शहागडच्या तातेराव मास्तरांना खटकणार नाही. त्यांनी जन्मभर गणित शिकवलं.

म्हणून नवी सोंगटी – दाई. एक घर चालते, मारत नाही. मेलेलं प्यादं पटावर परत आणते. पण एकदाच, एकच. आणि मग तिनं स्वतः पटाबाहेर जायचं.

९ डिसेंबर
रखमाजी सुतारानं दोन दाया कातून आणल्या. "बाई, देव करून राह्यले का खेळणं?" म्हणाला. जोडीला दोन खबरे. खबऱ्या ज्याच्या शेजारी उभा राहील, त्यानं पुढची चाल आधी सांगायची. ही कल्पना मास्तरांची. आणीबाणीत दुसरं काय सुचणार! पट आता दहा घरांचा.

१४ डिसेंबर
कोणतं प्यादं मेलं नि कोणतं परत आलं हे कळायला नावं हवीत. मास्तर आकडे घालणार. कंटाळवाणा माणूस! मी माझ्या हातावर जन्मलेल्या पोरांची नावं दिली. संपत, वसंता, शिवाजी, धर्मराज – दहा झाली. सगळी इथलीच, जुन्या जालन्यातली.

पहिली चाल मास्तरांना कार्डावर धाडली. पाकीट मी वापरत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर आमची पत्रं फोडून वाचायच्या. तेव्हापासून कार्डच. घ्या, वाचा!

२२ डिसेंबर
पोस्टमन साहेबराव दारात घुटमळला. "बाई, राजाला घेरायचं लिव्हलं ते बरं न्हाई. दिवस बराबर न्हाईत."

तुझं काम पत्रं वाटायचं, वाचायचं नाही, असं सुनावलं. काय लिहिलं होतं मी? – 'संपत पुढं गेला. वसंता शिवाजीला जोर देईल. आठवड्यात राजा घेरू. कुणी पडला तरी दाई परत आणील.' खेळ येणाऱ्याला कळतं. न येणाऱ्यानं नाक खुपसू नये.

२ जानेवारी १९७६
मास्तरांचं कार्ड नाही. हरायला लागले की असंच करतात. रडका माणूस!

५ जानेवारी
संपतला कॉलेजच्या फाटकातून पोलिसांनी नेलं. कारण कुणालाच सांगत नाहीत. इतका बुजरा मुलगा!

८ जानेवारी
वसंताला सायकलच्या दुकानातून उचललं. हात ग्रीसचे, धुऊसुद्धा दिले नाहीत. त्याची आई केशरबाई आली. रडली नाही. उंबऱ्यातच बसली.

"बाई, तुमीच आणलं त्याला जगात. मंग आता तुमीच आणा परत."

ती गेल्यावर पटाकडे लक्ष गेलं. संपत. वसंता. माझ्या कार्डावरचा क्रम.

तिसरा शिवाजी.

९ जानेवारी
पट नि सोंगट्या पिशवीत घालून ठाण्यावर गेले. फौजदार माझ्या भाच्याच्या वयाचा. टेबलावर माझी सगळी कार्डं, नावांखाली लाल रेघा. मास्तरांच्या घरी सापडली. मास्तर तीस तारखेपासून आतच आहेत. आणि मी त्यांना रडका म्हणत होते.

तासभर खेळ समजावला. त्यानं खबऱ्या उचलून उलटासुलटा पाहिला.

"बाई, नावं खरी, माणसं खरी, आणि खेळ तेवढा तुमचा नवा? जगात कुणीच न खेळलेला?"

लाकडं आहेत म्हटलं ही. रखमाजीला विचारा.

"विचारू. त्यालाही आणू." मग हळूच, "दाई कोण, तेवढं सांगा. तीच सगळ्यांना सोडवणार ना? ती मिळाली तर ही पोरं मला कशाला हवीत?"

टेबलावरच्या दोन्ही दाया पिशवीत घातल्या नि निघाले.

१० जानेवारी
शिवाजीला नेलं. लपून राहा म्हणून सांगायला गेले, तर गल्लीच्या तोंडाशी जीप. मला बघून हसला पोरगा. "बाई, काही न्हाई, येतो जल्दी."

धर्मराजच्या आईनं मला पाहून दार लावून घेतलं.

११ जानेवारी
खेळ होता, हे आता पुन्हा म्हणायचं नाही. एकच प्यादं, हा नियम माझाच होता – तो आज मोडते. तिन्ही मागणार, वर मास्तर.

चष्मा, दोन लुगडी, दम्याच्या गोळ्या पिशवीत टाकल्या. किल्ली केशरबाईकडे.

फौजदाराला दाईचं नाव हवं आहे. पूर्ण नाव लिहून देते. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.