मागच्या भिंतीपलीकडची शांतता

९ जानेवारी

तुझे संपूर्ण नाव पानाच्या माथ्यावर लिहिले आणि पाहत बसलो. मृत्यूच्या दाखल्यावर होते तसेच दिसले. खोडले. बाईसाहेब — तेवढेच पुरे.

आज घरमालक स्वतः जिना चढून आले. त्यांचा मुलगा परदेशातून परत येतो आहे. एप्रिलपासून त्यांना ही जागा हवी. ‘काका, तुम्हाला हाकलत नाही हो, पण समजून घ्या.’ मी समजून घेतले. एकतीस वर्षे बसच्या आगारासमोर भाड्याने काढली. आता स्वतःचे घर घ्यायचे. शहराबाहेर, शांत, आणि निवृत्त माणसाला झेपेल असे. आपण दोघांनी ठरवलेच होते. सात वर्षे नुसते ठरवतच होतो — तो दोष माझा.

तू गेल्याला आज बहात्तर दिवस झाले. आश्चर्य असे, की समोरचे आगारसुद्धा शांत झाल्यासारखे वाटते. दुःखात माणसाचे बाहेर लक्ष राहत नाही, ते हेच असावे.

१३ जानेवारी

मुलगी म्हणाली, ‘बाबा, आमच्या बाजूला का नाही बघत?’ मी म्हणालो, तुमच्या बाजूला शाळा, बाजार आणि दिवसभर भोंगे. तिथे शांतता कुठली? तिने विषय बदलला. तू गेल्यापासून ती माझ्याशी तुटक वागते. कारण विचारण्याचा धीर झाला नाही. जावई तोंडातल्या तोंडात बोलतो; त्याला एकदा सांगितले पाहिजे.

पद्धत निश्चित केली. प्रत्येक भागात तीन वेळा जायचे — सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. दर वेळी एक तास बसायचे आणि जो आवाज येईल तो वहीत टिपायचा. रुग्णालयात तेहतीस वर्षे लोकांचे कान तपासले. ध्वनिमापक निवृत्तीच्या दिवशी जमा करावा लागला, पण त्यावाचून माझे अडत नाही. यंत्राचा काटा अडकतो. शिकलेला कान अडकत नाही.

१९ जानेवारी

दोन भाग बाद. टाकीच्या मागचा: पंपाचा घुमारा, मालमोटारींची घरघर. पुलाकडचा: दर दहा मिनिटांनी जमीन हादरते.

दलाल वैतागला आहे. (‘दलाल नका म्हणू काका, सल्लागार म्हणा.’) म्हणाला, ‘लोक पाणी बघतात, गाडी कुठे लावायची ते बघतात. तुम्ही नुसते बसून राहता. परवा एकाने मला विचारलं, हे जनगणनेचे का?’ त्याचा आवाज मात्र खणखणीत आहे. म्हणूनच मी त्याला सहन करतो.

तू असतीस तर त्याचे प्रत्येक वाक्य पुन्हा म्हटले असतेस: ‘म्हणजे दोन खोल्या आणि मागे अंगण, असं म्हणता ना?’ समोरच्याचे बोलणे परत उच्चारण्याची ही खोड तुला शेवटच्या दोन वर्षांत लागली. मला ती खुपत असे. एकदा चारचौघांत बोललोही तुला — ‘तू काय प्रतिध्वनी आहेस?’ तू हसलीस. ते शब्द आता माझ्याच अंगाशी येतात.

२४ जानेवारी

घर सापडले.

बसच्या शेवटच्या थांब्यापासून सात मिनिटे चालत. बैठे घर, दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे उंच भिंत. आसपासच्या घरांपेक्षा किंमत एक-तृतीयांशाने कमी. कारण विचारले नाही. दैवाने दिले तर कारण विचारू नये. तिन्ही वेळा बसलो. वहीत नोंदी दोनच: एक विमान, एक मोटारसायकल.

मालकीणबाई टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. आवाज अतिशय मृदू. माझ्याकडे पाठ करून कुलूप काढताना बराच वेळ काही सांगत होत्या. मी मान डोलावत राहिलो. मध्येच ‘काय म्हणालात?’ असे विचारणे मला असभ्य वाटते. मग त्या वळल्या. ‘म्हणजे चालेल तुम्हाला? बघा हं, नंतर मला नावं ठेवायची नाहीत.’ चालेल म्हणालो. त्यांना नवल वाटलेले दिसले. दोन किल्ल्या हातात ठेवल्या. ‘पंधरा दिवस येऊन-जाऊन बघा. पण कामाच्या दिवशीच बघा.’

२५ जानेवारी

अशी शांतता तुला मिळायला हवी होती. उशीर झाला.

२९ जानेवारी

आज सबंध दिवस तिथे होतो. फरशी पुसली, खिडक्यांची मापे घेतली. तुझी वेताची खुर्ची ओसरीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवावी असे ठरवले. डबा खाल्ला, थोडे वाचन केले, दुपारी तिथल्या जुन्या खुर्चीतच डोळा लागला — तुझ्या आजारपणापासून दिवसा असा झोपलो नव्हतो.

शेजारचे गृहस्थ कानात कापसाचे बोळे घालून झाडांना पाणी घालत होते. सर्दी झाली असावी. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे फार कौतुकाने पाहिले.

विसार पुढच्या आठवड्यात द्यायचा. दलालाला तसे कळवले.

१ फेब्रुवारी

मुलगी रजा काढून घर पाहायला आली. बरोबर नात होती. वय सहा. तिच्या आवाजावरून टिटवी हे नाव तूच ठेवलेस.

टिटवीने फाटकातच दोन्ही कान झाकले. मुलगी आधी टिटवीकडे, मग माझ्याकडे पाहत राहिली.

‘बाबा, हे काय?’

‘काय?’

‘अहो, हा आवाज!’

‘कसला आवाज?’

लहान मुलाला न्यावे तसे मला हाताला धरून तिने मागच्या भिंतीपाशी नेले आणि माझा तळवा भिंतीवर टेकवला. भिंत थरथरत होती. बारीक, सलग, दाताच्या यंत्रासारखी.

पलीकडे काच कापून तिच्या कडा घासण्याचा कारखाना आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

दलाल कळवळून म्हणाला, ‘ताई, काकांना सगळं सांगितलंय हो! बाईंनी सांगितलं, मी दोनदा सांगितलं. काका म्हणाले, चालेल. मी म्हटलं, शिकलेला माणूस आहे, मनावर ताबा असेल.’

टिटवी माझा सदरा ओढत काही सांगत होती. मला तिचे ओठ दिसले.

२ फेब्रुवारी

मुलगी राईचा पर्वत करते. आईवर गेली आहे.

३ फेब्रुवारी

‘मला नीट ऐकू येतं, लोकच पुटपुटतात.’ हे वाक्य मी तेहतीस वर्षे रुग्णांच्या कागदांवर अवतरणचिन्हांत लिहीत आलो. समोर बसलेल्या सहायिकेला ते दाखवून हसतही असे.

आज या वहीची मागची पाने वाचली.

४ फेब्रुवारी

रुग्णालयातल्या त्याच खोलीत गेलो. तीच जाड दाराची, एक माणूस बसेल एवढी काचबंद पेटी, तेच स्टूल. सहायिका आता विभागप्रमुख आहे. मला रांगेत बसलेले पाहून गोंधळली. ‘सर, तुम्ही इथे कशाला बसलात? आत या ना.’ मी कागद काढायला लावला आणि नाव पुकारेपर्यंत बसून राहिलो.

तिने कानांवर यंत्र चढवले आणि म्हणाली, ‘आवाज आला की बटण दाबायचं, सर.’ मलाच सांगत होती.

जाड आवाज आले. दाबले. मध्यम आले. दाबले. मग काहीच येईना. काचेतून, आवाज देताना हलतो तसा, तिचा खांदा हलताना दिसत होता. बाईसाहेब, इथे मी एक गोष्ट केली. खांदा हलला की बटण दाबू लागलो. बेरकी रुग्ण करतात तेच. मी त्यांना पकडत असे.

तिने पेटीचे दार उघडले. खाली मान घालून म्हणाली, ‘सर, मघापासून मी आवाज दिलेलाच नाही.’

आलेख पाहिला. डावीकडून बरा चालतो आणि मध्यावर येताच रेघ कड्यावरून पडावी तशी खाली जाते. दोन्ही कान. बारीक आवाज, मुलांचे आवाज, पाठमोऱ्या माणसांचे बोलणे — सगळे त्या कड्याच्या खाली. आगार शांत झाले नव्हते. त्याचे भोंगे आणि चरचरणारे ब्रेक तेवढे माझ्यापुरते गेले.

मी निघालो तेव्हा ती म्हणाली, ‘एक सांगू का? रागावू नका. बाई दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या माझ्याकडे. म्हणाल्या, ह्यांना कमी ऐकू येतंय, पण मी सांगून मानायचे नाहीत. आणि दुसऱ्या कोणी सांगितलं तर खचतील. काय करू? मी म्हटलं, समोर उभं राहून बोला. आणि कोणी काही म्हणालं की ते तुम्ही परत म्हणा, म्हणजे सरांना आपोआप कळेल.’

परतीच्या बसमध्ये उभा राहिलो. जागा होती.

५ फेब्रुवारी

दलालाचा निरोप: विसार कधी?

शांतपणे विचार केला. घर परवडणारे आहे. कारखाना इतरांना ऐकू येतो, मला नाही. मग माझ्यापुरते ते घर शांतच आहे, आणि राहायचे मलाच आहे. या युक्तिवादात मला चूक सापडली नाही. श्रवणयंत्र घेतले तर मात्र तिथे एक दिवसही राहता येणार नाही. म्हणजे घर घ्यावे आणि यंत्र घेऊ नये. कोणी येणार नाही, कोणाला ऐकावे लागणार नाही. तुझी खुर्ची, माझी पुस्तके. दिवसभर विसाराचा मसुदा करत बसलो. अक्षर चांगले आले.

संध्याकाळी एक प्रश्न मनात आला आणि मग मसुद्यावर सही करता येईना. तू शेवटी काही बोलली नाहीस, असे मी सर्वांना सांगत आलो आहे. ते खरे आहे का?

६ फेब्रुवारी

मुलीकडे गेलो. तिला खिडकीपाशी, उजेडात, माझ्यासमोर बसवले आणि आलेख हातात दिला. तिला तो वाचता येत नाही. मी समजावून सांगितला. मग विचारले, ‘आई शेवटी काही बोलली होती का?’

तिने आलेख बाजूला ठेवला.

‘बाबा, बोलली ना. तुमच्याकडेच बघून बोलली. म्हणाली, आता एकटे राहू नका, हिच्याजवळ घर बघा. बघाल ना? तुम्ही दोनदा मान हलवलीत.’

‘मी मान हलवली?’

‘दोनदा. तिला बरं वाटलं, मी पाहिलं. आणि मग तीन महिने झाले नाहीत तो तुम्ही गावाबाहेर जागा शोधायला लागलात. मी हे कुणाकडे बोलले नाही. ह्यांच्याकडेसुद्धा नाही. मला वाटलं, तिला शब्द देऊन तुम्ही...’

मी तुझ्या तोंडाकडे पाहत होतो, बाईसाहेब, एवढे मला आठवते. नळी लावलेली होती, ओठ पुरते हलत नव्हते. तू पाणी मागते आहेस असे वाटून मी मान हलवली आणि पाणी आणायला गेलो.

७ फेब्रुवारी

मालकीणबाईंना मीच सांगितले, मला कमी ऐकू येते. त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली.

मुलीच्या गल्लीत, शाळेच्या फाटकासमोर, तळमजल्यावर दोन खोल्या विकायच्या आहेत. पाच वाजता शाळा सुटताना पाहायला जाणार आहे. त्याआधी साडेतीनला मालकीणबाईंच्या घराच्या दाराला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या त्यांना परत केल्या.