कालचा मोगरा

प्रिय वनिताताई,

आईंना कोरोना झाला, हे मी तुमच्यापासून लपवलं. कळलं असतं तर तुम्ही लॉकडाऊनमध्येही अकोल्याहून निघाला असता. ताप उतरला, पण नाकाला वास येईना. सारा जन्म फुलांच्या मळ्यात गेला, आणि आता मोगरा नाकाशी धरून त्या मागच्या खोलीत बसून राहायच्या.

इथे मळ्यावर चिटपाखरू नाही. देवळं बंद, लग्नं बंद, फुलांना गिऱ्हाईक नाही. तरी कळ्या रोज खुडायच्याच, नाहीतर झाड पुढचा बहर धरत नाही, असं आईंचंच म्हणणं. त्यातली ओंजळभर मी त्यांच्या खिडकीत ठेवायची.

"येते का वास?"

"काईच नाई."

आज थकून मी कालचीच फुलं ठेवली. आतून आवाज आला, "काहून वं चंदा, शिळे फुलं ठेवले? वास मारून राह्यले!"

मी पायरीवरच बसले. हसू आणि रडू एकदमच आलं.

"हासून काय राह्यली? ताजे आन!"

आता हे पत्र पाठवत नाही. संध्याकाळी आईच फोन करतील आणि आधी माझी तक्रार सांगतील. मी त्यांना मध्येच थांबवणार नाही.

तुमची वहिनी,
चंदा