अश्लीलच्या यादीत तुझा लेख

संघप्रिया,
आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांना चळवळीच्या वेबसाइट डोळ्यांत खुपतात, म्हणून त्यांनी मला, कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्याला, त्या तिथं बंद करायला लावल्या. "'वादग्रस्त' अशी नवी यादी करा," म्हणाले. मी कंटाळा केला आणि सॉफ्टवेअरमधल्या आयत्या 'अश्लील' यादीत सगळ्या कोंबल्या. त्यांतल्या एकीवर तुझा लेख हाय, हे ठाऊक असूनही. काल तू तो मैत्रिणींना दाखवायला गेलीस आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'अश्लील' आलं. तुमच्या वर्गाच्या मॅडमनी रजिस्टरात तुझं नाव लिहिलं. मी सख्खा भाऊ, शेजारी मुंडी खाली घालून बसलो.

ही चिठ्ठी ठेवून त्या साइट पुन्हा उघडायला लवकर लॅबला गेलोय. आज अकरा वाजता सगळ्या वर्गादेखत मॅडमना माझी करणी सांगणार हाय. नोकरी गेली तर जाऊ दे. पण तू समोर पाहिजेस. येणार हायस का न्हाईस? लॅबला फोन करून सांग.

धम्मपाल