तिसऱ्या प्याल्याआधी

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सगळं बदललं. घड्याळाकडे बघितलं होतं म्हणून नक्की सांगतो. टेबलावर तीन कार्डं शेजारी शेजारी पडली होती. जुमालियेवा सायराकान — हिमनद्या विभाग. अब्दिलदायेवा सायराकान — पूर विभाग. ओस्मोन किझी सायराकान — कुरणं आणि वनस्पती विभाग. तीन बायका, तीन खोल्या, तीन फोटो. आणि तिन्ही फोटोंत डाव्या भुवईवर तोच कापल्याचा व्रण!

तीन कसल्या? एकच! शेजारच्या खोलीत बसून रोज चार वाजता मला चहा देणाऱ्या सायराकान एजे, आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई!

संस्थेला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून संशोधकांचा परिचयग्रंथ निघतोय. कुणी काय शोधलं, किती लिहिलं. कार्डांवरून याद्या टाइप करणं हे माझं काम. नियम असा की ज्याचे आपल्या विभागात वीस शोधनिबंध, त्याला एक पान. ज्याला पान, त्याच्या वह्या दप्तरखान्यात राहणार. बाकीच्यांच्या वह्या निवृत्तीनंतर सुतळीने बांधून रद्दीत. सुतळी बांधणारा पण मीच.

जुमालियेवाचे चौदा. अब्दिलदायेवाचे सतरा. ओस्मोन किझीचे अकरा. तिघींतल्या एकीलाही पान नाही! आणि एजे एप्रिलमध्ये निवृत्त होतायत. चाळीस वर्षांच्या वह्या!

दार आपटून त्यांच्या खोलीत गेलो.

“काच!” त्या म्हणाल्या. दाराची काच आधीच तडकलेली आहे, दर वेळी मलाच ओरडा.

कार्डं त्यांच्यापुढे टाकली. चष्मा वर करून बघितलं. “हो, मीच. हे बापाचं आडनाव. हे नवऱ्याचं. मग देश वेगळा झाला, सगळ्यांनी नावाचं ‘येवा’ हे रशियन शेपूट कापलं, मीही कापलं. बापाचं नाव ओस्मोन, म्हणून ओस्मोन किझी, ओस्मोनची मुलगी झाले. त्यात बोंबलायचं काय?”

“अहो, पण विषय तीन पडले ना तुमचे!”

“विषय कुठले तीन? दरी एकच. बर्फ मागे सरत होतं, ते मोजलं. त्याचं पाणी होऊन गावावर आलं, ते मोजलं. पाणी ओसरलं तिथे गवत उगवलं, ते मोजलं. मी तिथेच उभी होते. खोल्या तुम्ही लोकांनी बदलल्यात. चहा घे, निवतोय.”

मी चहा घेतला नाही. कार्डं उचलून निघालो.

१४ फेब्रुवारी

बेगिमाय आली होती. एजेंच्या १९७४ च्या वह्या हव्या होत्या तिला. हातमोजे दातांनी ओढून काढते. ते बघितलं की दोन मिनिटं मला काही ऐकू येत नाही.

आम्ही एकाच वर्गात होतो. तिसऱ्या वर्षी मी जलविज्ञानाच्या मास्तरांच्या अंगावर गुणपुस्तिका भिरकावली आणि निघालो. ती राहिली. आता ओमुरबेक साबिरोविच — आमचे संचालक — यांच्या हाताखाली प्रबंध करतेय. चौदा मार्चला समितीपुढे उभी राहील, मग डॉक्टरीणबाई. मी त्याच इमारतीत सुतळी बांधतो.

तिला तीन कार्डं दाखवली. खूप वेळ बघत राहिली. फोटोवरच्या व्रणावर बोट ठेवलं.

“आणखी कुणाला दाखवलंस?”

“सगळ्यांना दाखवणार!”

“बेक्तुर, जरा थांब.”

थांब! ओळख झाल्यापासून तिने मला सगळ्यात जास्त वेळा सांगितलेला शब्द.

१५ फेब्रुवारी

काल बेगिमाय सुकवलेल्या दह्याची एक गोळी माझ्या टेबलावर विसरून गेली. खाल्ली नाही. खिशात आहे.

१९ फेब्रुवारी

संचालकांकडे गेलो. भेटीची वेळ न घेता. सेक्रेटरीण मागून ओरडत होती.

माणूस रागावत नाही हीच तर चीड आहे! खुर्ची दिली, साखर घातलेला चहा दिला. म्हणाले, “बाळा, याद्यांवर वरच्या विज्ञान आयोगाचा शिक्का बसलाय. आणि एकेका विभागाची मोजणी वेगळी. मी तीन बायकांची एक बाई करायला लागलो तर उद्या लोक एका नवऱ्याचे तीन मागतील.” सेक्रेटरीण खो-खो हसली. खिडकीतला कॅक्टससुद्धा हसल्यासारखा वाटला मला.

मी म्हणालो, “तुमच्या यादीत एकशे अठरा निबंध आहेत. एकतीस एजेंच्या बरोबरचे. एकतीसच्या एकतीस ठिकाणी तुमचं नाव आधी! त्या बर्फावर तुम्ही किती वेळा गेलात?”

“संस्थाप्रमुखाचं नाव वर घालतात. माझ्या गुरूंचं माझ्यावर होतं. ही रीत आहे.”

“रीत नाही, दरोडा आहे!”

तरी हसले. “जलविज्ञानाच्या परीक्षेला बस पुन्हा. डोकं चांगलं आहे तुझं.”

बाहेर येऊन भिंतीवर गुद्दा मारला. मधल्या बोटाची कातडी गेली. एजेंनी आयोडीन लावलं आणि लावताना एवढंच म्हणाल्या, “भिंत कुठल्या विभागाची होती?”

२३ फेब्रुवारी

सैनिक-दिन. संस्थेतल्या बायकांनी सगळ्या पुरुषांना मोजे दिले. मला बेगिमायने दिले. करडे. संचालकांनाही तिनेच दिले. करडे! त्याच गठ्ठ्यातले!!

२७ फेब्रुवारी

आज वाचला. तिच्या प्रबंधाचा छापील सारांश. चोवीस पानं.

कोष्टक तीन — हिमनदीच्या मागे सरण्याची चाळीस वर्षांची मोजमापं. कोष्टक चार — पाण्याची. कोष्टक पाच — गवताची. आकडे मला पाठ आहेत, त्या वह्या मी पुसून ठेवल्यात. एजेंचं अक्षर डोळ्यांपुढे येतं, सातच्या पोटातली आडवी रेघसुद्धा. आणि वर काय लिहिलंय? “प्रा. ओमुरबेक साबिरोविच यांच्या मार्गदर्शनाखाली संकलित.” एजे कुठे? चोविसाव्या पानावर, आभारात. ट्रकचा ड्रायव्हर आणि घोडे सांभाळणारा यांच्या मधे!

बेगिमाय, तू पण?

तू पण!!

२८ फेब्रुवारी

सकाळपासून वीज नाही. सगळे कोट घालून बसलेत, बोलताना तोंडातून वाफ. ती जिन्यात भेटली. सारांश तिच्या नाकापुढे धरला.

“चोविसावं पान वाच. मोठ्याने.”

“मला माहीत आहे काय लिहिलंय.”

“माहीत आहे आणि झोप लागते?”

“नाही लागत. बेक्तुर, तुला सगळं माहीत नाहीये. आठ मार्चपर्यंत थांबशील? माझ्यासाठी?”

“म्हणजे चौदाला तुझं काम होऊन जाईल आणि मी गप्प!”

तिने माझ्याकडे बघितलं. रडेल असं वाटलं. नाही रडली. “तू कॉलेजचं दार आपटून गेलास ना,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी तुझ्यामागे धावत आले होते. फाटकापर्यंत. तू मागे वळूनही बघितलं नाहीस. तुला दार आपटल्याचा आवाज आवडतो, बस्स.”

आणि अंधारातच वर निघून गेली.

फाटकापर्यंत आली होती? खरंच? आजवर का नाही सांगितलं? हे सगळं आत्ताच सांगायचं होतं!

पण चोविसावं पान आहेच ना.

३ मार्च

एजेंच्या वह्या माझ्या टेबलाखाली लपवल्यात. पाय मुडपून बसतो. रद्दीवाल्यांना आधी मला बांधावं लागेल.

५ मार्च

एजेंना म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही? म्हणाल्या, “येतो ना. वर बर्फात खड्डा खणायचा तर साडेतीन हात खोल जावं लागतं. राग आला की मी खड्डे खणायचे. खाली उतरेपर्यंत हात एवढे दुखायचे की राग धरायला जागा उरत नसे.”

मग खिडकीकडे बघत — “वह्या मात्र राहायला हव्या होत्या रे. माझं नाव मरू दे. पण तेवढी सलग मोजमापं या डोंगरात दुसऱ्या कुणाची नाहीत.”

त्यांचा आवाज असा मी पहिल्यांदा ऐकला.

७ मार्च, शुक्रवार

पेनाचं टोक दोनदा मोडलं. रागानेच.

महिला-दिनाची मेजवानी आजच उरकली. लांब टेबल, प्रत्येक बाईपुढे पिवळ्या फुलांची काडी. मग मांस आलं. मानाप्रमाणे हाडं वाटतात तशी वाटली. कमरेचं हाड संचालकांना. बरं! शेपटाकडचा तुकडा — तो सगळ्यात वडील बाईचा. आजवर तो दुसऱ्या कुणाच्या ताटात गेलेला मी पाहिला नव्हता. आज गेला आयोगाच्या अध्यक्षांच्या बायकोला! बाईंचं वय पन्नास! आणि एजेंच्या ताटात? बरगडी. पोराटोरांना देतात ती बरगडी!

एजेंनी चाकू घेतला आणि मांस सोलू लागल्या.

पहिला प्याला संचालकांनी उचलला. “आमच्या विज्ञानाची फुलं” वगैरे. दुसरा अध्यक्षांचा. ते अजून घसा खाकरत होते आणि मी उभा राहिलो. माझी पाळी नव्हती. माझी पाळी कधीच नव्हती! बेगिमाय समोर होती, मान हलवत होती — नको, नको. एक हात तिच्या पर्सवर.

मी खिशातून तीन कार्डं काढून टेबलावर मारली. रस्सा उडाला. म्हणालो, “या तिघींच्या नावाने प्या! एकीने बर्फ मोजलं, एकीने पाणी, एकीने गवत. आणि तिघींना मिळून एक बरगडी!” कुणीतरी माझी बाही ओढत होतं. “आणि ही बसलीय बघा! चौदा तारखेला हिला पदवी मिळणार, चोरलेल्या वह्यांवर! आधी साहेबांनी चोरी केली, आता चेलीने!”

असं म्हणालो. चेली म्हणालो.

एजेंनी बरगडी खाली ठेवली, बोटं पुसली.

“खाली बस, बैला.”

बेगिमाय उठली. पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. निघून गेली. कोट खुंटीलाच राहिला. बाहेर उणे अकरा होतं.

मी बरोबर होतो. मी बरोबरच होतो!

१० मार्च

संचालकांनी राजीनामा लिहायला सांगितला. तीन ओळींत लिहिला. एकविसापर्यंत याद्या दुसऱ्या कुणाला समजावून द्यायच्या. तेवढीच माझी किंमत.

बेगिमायचा कोट खुंटीवर नाही. कुणी नेला, कधी नेला, कळलं नाही.

११ मार्च

एजे चार वाजता चहा ठेवतात. बोलत नाहीत. कपाखाली बशीसुद्धा नाही.

१४ मार्च

रद्द!!!

फलकावर चिकटवलंय — आजची प्रबंध-परीक्षा रद्द. माझ्यामुळे! मी एकट्याने, पाळी नसताना उभं राहून केलं हे! आज पहिल्यांदा या इमारतीत काहीतरी न्यायाचं घडलं. जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो.

खाली पोचलो. फाटकापाशी उभा राहिलो. खिशात ती दह्याची गोळी होती. तिचा भुगा झालाय.

१७ मार्च

फोन उचलत नाही. सात वेळा. आठव्यांदा तिच्या आईने उचलला. “बेटा, ती बोलायची नाही तुझ्याशी.” बेटा म्हणाल्या! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० मार्च

बसस्थानकावर लिहितोय, नारीनच्या फलाटावर. वही गुडघ्यावर.

सकाळी छापखान्यातून ग्रंथ आले. एजेंनी एक प्रत माझ्यापुढे ठेवली. “पान दोनशे चौदा.” तेरा दिवसांतले पहिले शब्द. उघडलं. भुवईवर व्रण. नाव एक, खाली तिन्ही कंसात. शोधनिबंध बेचाळीस. हिमनदी, पूर, कुरण, सगळं एका पानावर. मग त्यांनी एक घडी केलेला कागद ठेवला. आयोगाला अर्ज. तिन्ही संशोधिका एकच असल्याचा पुरावा सोबत जोडला आहे. माझ्या प्रबंधातली मोजमापं त्यांचीच आहेत, मार्गदर्शक म्हणून त्यांचंच नाव यावं, तोवर माझी परीक्षा रद्द करावी. सही — बेगिमाय. तारीख २९ फेब्रुवारी. आयोगाची मंजुरी — ६ मार्च.

“सात तारखेला पर्समध्ये होता तिच्या,” एजे म्हणाल्या. “तिसऱ्या प्याल्याला वाचणार होती पोरगी. तू दुसऱ्यालाच उभा राहिलास.”

मी विचारलं, कुठे आहे ती.

“परवा नारीनच्या बसने वर डोंगरात गेली. मार्चचं बर्फ मोजायला कुणीतरी हवं ना. माझे गुडघे आता चढत नाहीत.”

टेबलाखालच्या वह्या उचलून दप्तरखान्याच्या फळीवर लावल्या. चाळीसच्या चाळीस, वर्षाप्रमाणे. किल्ली एजेंच्या खोलीत नेऊन त्यांच्या हातात दिली. बाहेर आलो, दार लावलं. काच वाजली नाही.