सगळे म्हणतात, काय पॉज घेतो!

४ फेब्रुवारी २०२४
पेपरात माझ्यावर अर्धं पान! 'शिवदास पेडणेकर यांच्या अभिनयातली शांतता.' समोरच्याचं वाक्य संपल्यावर मी जो क्षणभर थांबतो, तसं म्हणे हिंदी सिनेमात आज कुणी थांबत नाही.
शांतता कसली डोंबलाची! ऐकू येत नाही मला. डावा कान कामातून गेलाय, उजव्याची वाट लागत चाललीय. समोरच्याचे ओठ थांबले की तो काय म्हणाला असेल ते मनात जुळवतो, मग बोलतो. तेवढा वेळ लागतो. त्यालाच पुरस्कार मिळाले!
सांगणार कुणाला? नट बहिरा झाला म्हटल्यावर कोण काम देतंय?

९ फेब्रुवारी
शूटिंग नाही. अंधेरीच्या या एवढ्या मोठ्या घरात टीव्ही मुका लावून बसलो.

१२ फेब्रुवारी
वाईट झालं आज. सिनेमात निधी माझी मुलगी. दिग्दर्शक शौनकने तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलं, माझ्याकडे पाठ. ओठ दिसेनात! ती बोलली — मी गप्प. पुन्हा. पुन्हा. शेवटी वळली, डोळ्यांत पाणी. "सर, माझं काम आवडत नसेल तर सांगा ना. असं सगळ्यांसमोर कशाला?"
पोर किती जीव ओतून काम करते! आणि मी काय म्हणालो? "चल, पुन्हा घेऊ."
जेवायला माझ्या टेबलावर कुणी आलं नाही.

१३ फेब्रुवारी
बहिणीचा मेसेज. सुगंधाचा. "दादा, फोन उचलत नाहीस. मोठा झालास. आता नाही करणार." उत्तर लिहिलं. पुसलं.

१८ फेब्रुवारी
सकाळी दार उघडलं तर सुगंधा जिन्याच्या पायरीवर! विक्रोळीहून आलेली. "बेल वाजवून बोट दुखलं माझं!"
चहा टाकायला ओट्याशी गेली. पाठमोरी काहीतरी बोलत असावी, कारण एकदम वळली आणि बघतच राहिली. मग तोंडावर ओढणी धरून काहीतरी म्हणाली. मी नुसता तिच्या डोळ्यांकडे बघत बसलो. तिने ओढणी खाली घेतली.
"कधीपासून रे, दादा?"
रडलो. या वयात!

२१ फेब्रुवारी
निधीला सांगून टाकलं. मग शौनकला. तो म्हणाला, "निर्मात्यांशी बोलावं लागेल, सर." निधी म्हणाली, "मी तुमच्याकडे तोंड करून बोलते ना! त्यात काय एवढं?"

२२ फेब्रुवारी
कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला हा त्रास? मी नाही म्हणालो. सुगंधा म्हणाली, "बाबांना."
कारखान्यातल्या यंत्रांनी कान गेले होते त्यांचे. नोकरी जाईल म्हणून आईने कुणाला कळू दिलं नाही. सुगंधाला सांगितलं तेही स्वतःच्या शेवटच्या आजारात.
मी नाटकात शिरलो ते बाबांना पटलं नाही, म्हणून ते बोलत नाहीत — जन्मभर हेच धरून बसलो. तालमीला निघताना दारात चपला घालता घालता म्हणायचो, "येतो हं, बाबा."
पाठमोऱ्या बाबांना.