रंगूचं एक वाक्य

६ जानेवारी २०२५
आज पुन्हा पकडला! दुपारी साडेतीनची ती जुनी तपासाची मालिका. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होतो, पाठ टीव्हीकडे. पेढीवरचा मुनीम बोलायला लागला आणि मी ओरडलो – हा तर शुक्रवारचा डॉक्टर! बाहेर येऊन बघतो तर मिशी चिकटवलेली, पण नट तोच.

भागोजी हसला. माझ्या बर्फाच्या कारखान्यात वीस वर्षं होता, आता नुसता चहाला येतो. "शेठ, तुमी टीवी बघता का ऐकता?"

ऐकतोच. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बिघाड सांगायचो, त्याच कानांवर कारखाना उभा केला. आता तो विकला. घरात आवाज उरलेत ते टीव्हीचे.

९ जानेवारी
नाकात बोलणाऱ्या त्या बाई आज घरमालकीण! सोमवारी नर्स होत्या, गेल्या महिन्यात फौजदाराची बहीण. तिसऱ्यांदा ओळखलं, पण सांगू कुणाला? भागोजी लेकीकडे माणगावला गेलाय.

१३ जानेवारी
भागोजीला वाटतं, म्हातारा वेळ घालवतोय. घालवत नाही, वाट बघतोय.

एक्याण्णव साली या मालिकेच्या एका भागाचं शूटिंग आमच्या थळच्या किनाऱ्यावर झालं. माझी बायको रंगू बघ्यांत उभी होती. दिग्दर्शकाने बोट केलं – "तुम्ही, हिरव्या पातळातल्या, पुढे या." एकच वाक्य दिलं : "साहेब, होडी आली, पण माणूस न्हाय आला." पहिल्याच फटक्यात म्हणाली! भाग लागला त्या संध्याकाळी गावात वीज नाही. दोन वर्षांनी रंगूच गेली. आमची प्रणाली तेव्हा चार वर्षांची.

फोटो आहेत. आवाज कुठेच नाही.

लहानपणी प्रणाली विचारायची, "आई बोलायची कशी?" मी नक्कल करायला जायचो आणि थांबायचो. काल ठाण्याहून तिचा फोन – "बाबा, लागला का?"

२२ जानेवारी
नाही लागला. पाहुणे दोन, दोघेही ओळखले. मजा नाही आली.

३० जानेवारी
उद्या! आजच्या भागाच्या शेवटी झलक दाखवली – आपला किनारा, ओढून घेतलेल्या होड्या. लगेच प्रणालीला फोन. उद्या ऑफिसला दांडी मारते म्हणाली. इकडे येतेस का, मी विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही.

३१ जानेवारी
हिरवं पातळ. ऊन अडवायला कपाळावर हात. माझी रंगू – तिशीची! तोंड उघडलं, आणि आला तो नाकातला आवाज. त्या घरमालकीणबाईंचा!

किनाऱ्यावरच्या वाऱ्यात नीट आलं नसेल, मागाहून स्टुडिओत भरलं असेल. ओठ हिचे, बोलणं तिचं. चौतीस वर्षं मी यासाठी थांबलो होतो.

"हीच काय वैनी? फोटूतली?" भागोजीने टीव्हीला हात जोडले. मी मान डोलावली.

तेवढ्यात फोन. प्रणाली रडत होती. "बाबा, आई बोलली! हाच ना तिचा आवाज? असाच होता ना?"

"हो बाय," म्हटलं. "असाच."

दुसरं काय सांगणार होतो? तिच्यापाशी काहीच नव्हतं, हा तरी असू दे. खरा माझ्यापाशी आहे. मी आहे तोवर.

१ फेब्रुवारी
टीव्ही लावला नाही.

२ फेब्रुवारी
सकाळी प्रणाली दारात! हातात बॅग. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "खोटं बोललात, बाबा. तो आवाज ऐकल्यापासून काहीतरी खुपत होतं. काल भांडी घासताना खरा ऐकू आला. आईचा आवाज बसका होता. मला हाक मारताना तर अर्ध्यातच फुटायचा."

फुटायचा. खरंच फुटायचा!