हयात माणसाच्या नावाआधीचा ‘लेट’

प्रति,
मा. गट विकास अधिकारी,
पंचायत समिती, वर्धा.

अर्जदार : प्रभाकर महादेव उमाटे, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक, रा. बोरगाव मेघे. (हयात.)

विषय : पिंपळझरी फाट्यावरील प्रवासी निवाऱ्याच्या फलकावर अर्जदाराच्या नावाआधी रंगवलेला ‘लेट’ हा शब्द काढण्याबाबत, तसेच त्या शब्दाला चिखल फासल्याबद्दल अर्जदाराच्या भावास दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : माझा धाकटा भाऊ तानबा महादेव उमाटे यास ग्रामपंचायत पिंपळझरी यांची आलेली नोटीस.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, उपरोक्त निवारा मी स्वखर्चाने बांधून ग्रामपंचायतीस अर्पण केला. त्या वेळच्या अर्जात मी ‘समाजसेवा’ असे कारण लिहिले होते. खरे कारण असे की, तानबा पिंपळझरीत राहतो, रोज त्याच फाट्यावरून बस धरतो, आणि त्याला माझ्या नावाखाली बसावे लागावे अशी माझी फार इच्छा होती. आमच्या दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे हातभर रुंदीच्या बांधावरून, आम्ही भाऊ अनेक वर्षे बोलत नव्हतो. धुरा कोणी कोरला याचा निकाल अद्याप लागलेला नाही. माझ्या मते त्यानेच.

२. ‘लेट’ या विशेषणाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. जन्मभर तेच करत आलो, आता सवय जात नाही. इंग्रजीत ते नावाआधी आले की माणूस गेलेला असतो आणि क्रियापदानंतर आले की नुसता उशिरा पोचलेला. आपल्या भागात मात्र ते मानाचे समजतात. पाणपोई असो, सभामंडप असो की स्मशानातला बाक, दात्याच्या नावाआधी ‘लेट’ असतेच, कारण गेलेल्या माणसाच्या नावानेच दान देण्याची आपल्याकडे रीत आहे. जिवंतपणी स्वतःच्या नावाचा फलक लावण्याची हौस असलेला मीच पहिला निघालो.

३. पेंटर गोपाल हा माझा विद्यार्थी. मी त्याला कागदावर फक्त नाव लिहून दिले होते. पाय मुरगळल्याने मी लोकार्पणास गेलो नाही. नंतर जाब विचारला असता तो म्हणाला, “सर, नाव उघडं दिसत होतं. अन् निवाऱ्यावर ज्याचं नाव निंगते, तो लेटच राह्यते. जित्या मानसाचा निवारा कुठी पाह्यला काय तुमी?” मी पाहिलेला नव्हता. त्याला मी इंग्रजीत काठावर पास केले होते, हेही येथे नमूद करतो.

४. तानबाने फलक वाचला. कोणाला काही विचारले नाही. विहिरीवर जाऊन अंघोळ केली, डोके भादरले, आणि पिठलं-भाकरी बांधून घेऊन बोरगावला आला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पहिला कडू घास नातलगाने न्यायचा असतो, हे आपणास सांगणे नको. दार माझ्या पत्नीने, कौशल्याने, उघडले. तिच्या कपाळावरचे कुंकू पाहून तो पायरीवरच बसला. आत मी चहात टोस्ट बुडवत होतो. मला पाहून त्याने हातातली शिदोरी खाली ठेवली आणि म्हणाला, “आता हे पिठलं कोन खाइन?”

५. ते आम्ही दोघांनी खाल्ले. मीठ जास्त होते, पण मी तसे बोललो नाही. मी हयातभर रुबाबात राहिलो, आणि त्या दिवशी त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून मला रडू आवरले नाही. फोन का केला नाहीस, असे विचारले, तर म्हणाला, “कोन्या तोंडानं करू? धुऱ्यावर तुले काय काय बोललो मी.” मीही काही कमी बोललो नव्हतो.

६. परत जाताना त्याने धुऱ्याचीच माती कालवली आणि ‘लेट’वर फासली. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप केल्याची नोटीस त्यावरून आली. ग्रामसेवकांना त्याने दिलेले उत्तर असे : “भाऊ जिता हाये माहा. खोटं लिहेलं झाकलं, तं मी काऊन गुन्हेगार?” लोकार्पण झालेल्या फलकाला आपल्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, असे ग्रामसेवक म्हणतात. त्यांचेही बरोबर आहे. गुन्हा कोणाचा असेल, तर तो नावाची हौस बाळगणाऱ्या अर्जदाराचा आहे.

७. सबब विनंती की, नोटीस मागे घ्यावी आणि तो शब्द खोडण्यास परवानगी द्यावी. परवानगी येईपर्यंत चिखल तसाच राहू द्यावा. धुऱ्याची माती इतकी उपयोगी पडल्याचे आमच्या घराण्यात दुसरे उदाहरण नाही.

८. पुढे कधीतरी तो शब्द माझ्या नावाआधी लावावाच लागेल. तेव्हा तो तानबाच्या सांगण्यावरूनच लावावा, गोपालच्या मनाने नव्हे. त्या दिवशीही पिठलं तोच आणील. मीठ जरा बेताने टाक, एवढे मी त्याला आताच सांगून ठेवले आहे.

आपला नम्र व अद्याप हजर,
प्रभाकर महादेव उमाटे
बोरगाव मेघे, दि. ११ डिसेंबर २०२४

सोबत :
(१) फलकाचे छायाचित्र, चिखलासह.
(२) हयातीचा दाखला.
(३) तानबाचे छायाचित्र, केस वाढण्यापूर्वीचे. पाहून झाल्यावर कृपया परत करावे; दिवाणखान्यात लावायचे आहे.